पुसलेला अंदाज

रंगनाथा, तुझी गोष्ट मला ओळखता आली नव्हती.

हे एवढंसं वाक्य मी सव्वा वर्ष तोंडात धरून बसलो. दुसऱ्या पानाचं सोड, शेवटच्या पानावरच्या शेवटच्या ओळीपर्यंत मला काही कळलं नव्हतं. मी खडूनं टेबलावर लिहिलेला अंदाज साफ चुकला होता. तू त्यावरची चिंधी उचलायच्या आत मी हात घालून तो पुसला, आणि तुझ्या तोंडाकडं बघत म्हणालो, "मला दुसऱ्याच पानावर कळलं होतं."

खोटं बोललो.

तू गेल्यापासून गावात जो तो तुझ्या शिलाईबद्दल बोलतोय. रंगनाथ शिंप्यानं शिवलेला सदरा फाटतो पण उसवत नाही, असं परवा पारावर कुणी तरी म्हणत होतं. खरंच आहे ते. मला मात्र तुझ्या दुकानातलं कटिंगचं टेबल आठवतं. दुपारी अडीचच्या सुमाराला मी टपालाची पिशवी आवरून, पोस्टाला कुलूप लावून यायचो, तेव्हा तू टेबलावरची कापडं एका बाजूला सारून ठेवलेली असायची. महिन्यातून एक दुपार आपली असायची. तुझं मासिक यायचं ती.

सगळ्या गावात मासिक मागवणारा तू एकटा. सातवीपर्यंत शिकलेला, दिवसभर मशीनवर वाकलेला माणूस दर महिन्याला कथांचं मासिक कशाला मागवतो, हे तुझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. वाचायचं तूच, मोठ्यानं. मी ऐकायचो. गोष्ट मध्यावर आली की तू सदऱ्याच्या कॉलरला खोचलेली टाचणी काढून त्या पानाला लावायचास आणि मासिक पालथं घालायचास. "आता लिव," म्हणायचास. मी टेबलाच्या माझ्या टोकाला, तू तुझ्या टोकाला, तुझ्या त्या निळ्या खडूनं पुढं काय होणार ते लिहायचं. लिहिलेल्यावर एकेक चिंधी पसरायची. मग टाचणी काढून उरलेली गोष्ट वाचायची, आणि शेवटी चिंध्या उचलायच्या. ज्याचा अंदाज चुकला असेल त्यानं त्याखाली स्वतःच्या हातानं 'हुकलो' लिहायचं, खाली नाव घालायचं, आणि स्टँडवरनं दोन चहा आणायचे. ते अक्षर पुढचं कापड कापेपर्यंत टेबलावर राहायचं. दुकानात आलेलं गिऱ्हाईक ते वाचायचं आणि हसायचं.

पहिले आठ-नऊ महिने माझंच नाव तिथं असायचं.

त्या पेटीच्या गोष्टीवरून आपण किती भांडलो होतो! एक म्हातारी आपली लोखंडी पेटी कुणाला हात लावू देत नाही, आणि सुना तिच्यावर टपलेल्या. मी लिहिलं, 'पेटीत सोनं निघणार, धाकटीला मिळणार.' तू लिहिलंस, 'पेटी रिकामी.' तूच बरोबर निघालास. मी म्हटलं, हा नशिबाचा खेळ आहे. तू मासिक मागं उलटवून एका ओळीवर बोट ठेवलंस.

"हे बघ. म्हातारी पेटी उचलून माळ्यावर ठिवती. सत्तरीची बाई. भरल्याली पेटी असती तर ढकलत नेली असती का न्हाई?"

"लेखकाच्या ध्यानात नसेल आलं."

"त्याच्या आलं हुतं. तुझ्या न्हाई आलं." मग मान वाकडी करून, "काय पोस्टमास्तर, पुन्यांदा पत्ता हुकला! टपाल तरी नीट पोचवतोस ना?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. ती हसली. एरवी तू मला सदा म्हणायचास. डिवचायचं असलं की पोस्टमास्तर.

तुझं म्हणणं असायचं की शेवट ओळखायला जायचंच नाही. "माणसाकडं बघायचं. कापड कुटं ताणतंय ते बघायचं. काखंत ताणलं का पाठीत? तितनंच उसवणार." मी म्हणायचो, शेवट लेखकाच्या मर्जीवर असतो, त्यात बघायचं काय? हे भांडण आपण कधीच पुरं केलं नाही. आज ते सोडून देतो. तुझं बरोबर होतं.

पण तेव्हा मला हरणं सोसत नव्हतं, रंगनाथा. मॅट्रिक झालेला मी. गाव मला मास्तर म्हणतं, लोक माझ्याकडून पत्रं लिहून घेतात, वाचून घेतात. आणि महिन्याच्या महिन्याला माझ्या नावापुढं 'हुकलो'. चुकलो की मी दोन-तीन दिवस दुकानावरून जायचं टाळायचो, वळसा घालून घरी जायचो. मला वाटायचं, तुझ्या ते लक्षात येत नाही.

मग ते सुरू झालं. मासिक कागदाच्या पट्टीत गुंडाळून यायचं, दोन्ही टोकं उघडी. पाथर्डीहून एसटीनं आलेली पिशवी सोडून टपाल लावत होतो, तर ते आपोआप पट्टीतून निम्मं बाहेर सरकलं. मी आधी ते आत ढकललं. मग पुन्हा ओढलं. त्या दिवशी तुला सांगितलं की आज आलं नाही. संध्याकाळी घरी बसून गोष्ट वाचली, दुसऱ्या दिवशी मासिक पट्टीत सरकवून तुझ्या हातात दिलं. टेबलावर मी शेवट अगदी जसाच्या तसा लिहिला.

तू चिंधी उचललीस, वाचलंस, आणि माझ्याकडं बघून म्हणालास, "आयला, सदा!"

त्या दोन शब्दांची मला चटक लागली. पुढची दोन वर्षं मी हेच करत राहिलो. डोकं खाजवायचो, मधेच "थांब, जरा मागची ओळ वाच" म्हणायचो. सगळंच बरोबर आलं तर संशय येईल म्हणून अधूनमधून थोडं चुकवून लिहायचो. तू स्टँडवरनं चहा आणायचास. टपालातली वस्तू उघडून वाचणं हा गुन्हा आहे, हे मला नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं. तो गुन्हा मी माझ्या मित्राच्या टपालाशी केला, चहासाठी नाही, कुणी "आयला" म्हणावं म्हणून.

मग बहात्तर साल आलं. पाऊस झालाच नाही. दिवाळीला कुणी नवं कापड शिवेना, जुनंच आखूड कर, ठिगळ लाव, एवढीच कामं. तुझं मशीन दुपार-दुपार गप्प असायचं. एका दुपारी मासिक आलेलं नसताना तू मला बोलावून घेतलंस. टेबल साफ होतं. तू गणिताच्या वहीचे अकरा कागद पुढं ठेवलेस. दोन्ही हात त्यांवर ठेवून नुसताच बसलास.

"काय आहे?" मी विचारलं.

"गोष्ट."

"कुणाची?"

कान लाल झाले होते तुझे. मग म्हणालास, "हसायचं न्हाई. मी वाचतो. टाचणी लावीन तितं तू एकट्यानंच लिवायचं. मला ठावं हाय म्हनून मी न्हाई लिवनार."

इस्त्रीखाली एक मोठं पाकीट होतं. त्यावर मासिकाचा पत्ता तुझ्या अक्षरात, तिकिटं चिकटवलेली. ते मी आत शिरतानाच पाहिलं होतं.

तू वाचायला लागलास. वस्तीवरची एक बाई शिंप्याकडं पुरुषाचा सदरा घेऊन येते. नवरा ऊसतोडीच्या टोळीबरोबर श्रीगोंद्याकडं गेलाय. ती म्हणते, बाह्या आखूड करा, त्यांना लांब होतात. महिन्यानं तोच सदरा घेऊन परत येते, शिवण आत घ्या, त्यांची तब्येत उतरलीय. पुन्हा महिन्यानं, अजून दोन बोटं आत घ्या. शिंपी विचारात पडतो. नवरा तिकडं कारखान्यावर, मग सदरा इथं कसा? तो म्हणतो, मालकांनाच घेऊन या, माप घेतो. बाई म्हणते, त्यांना सवड नाही.

तिथं तू टाचणी लावलीस.

दोन वर्षांत पहिल्यांदा, पुढं काय आहे ते मला माहीत नव्हतं. मी लिहिलं, 'नवरा मेलेला निघणार. बाईच्या डोक्यावर परिणाम.' वर चिंधी टाकली. तू वाचू लागलास.

शिंपी दुष्काळी कामावर जातो. रस्त्याच्या कडेला ओळीनं बायका खडी फोडत बसलेल्या, सगळ्यांच्या अंगात लुगड्यावरून पुरुषांचे सदरे, उन्हाला आणि कपच्यांना आडोसा म्हणून. एका पाठीवर त्याला स्वतःची शिवण दिसते. बाई हातोडा उचलते. बाही तिच्या मनगटाला बरोब्बर बसलेली असते. नवऱ्याचं नाव सांगून ती स्वतःचंच माप देत आली होती. तब्येत उतरली होती ती तिची, आणि समोर उभी असताना शिंप्याला ते दिसलं नव्हतं. तो हाक न मारता मागं फिरतो. पुढच्या महिन्यात ती येते तेव्हा सदरा हातात घेत तो एवढंच विचारतो, "मालक वेळेवर जेवतात का?"

संपलं.

रंगनाथा, त्याच कामावरून मी रोज सायकलनं जात होतो. त्याच बायका बघत होतो. त्यांच्या अंगातले सदरे मला रोज दिसत होते. तू कागदावरून नजर उचललीस. असा चेहरा मी तुझा कधी पाहिला नव्हता, माप द्यायला हात वर करून उभं राहिलेल्या माणसासारखा.

"वळखलं का?" तू म्हणालास.

मला एवढंच म्हणायचं होतं, 'नाही.' एक शब्द. खडूनं 'हुकलो' लिहायचं, चहा आणायचा, आणि ते पाकीट उचलून थेट पोस्टात न्यायचं. तुला त्या दिवशी तेच हवं होतं. आणि माझा हात चिंधीखाली गेला. दोन वर्षं जो कधी फारसा चुकला नाही तो तुझ्याच गोष्टीत हरला, हे गाव टेबलावर वाचेल, एवढाच विचार तेव्हा डोक्यात होता. तळहात निळा झाला.

"दुसऱ्याच पानावर कळलं होतं मला."

"दुसऱ्या? म्हंजी बाह्या आखूड केल्या तितंच?"

"हो. तिथंच."

तू कागदांकडं बघितलंस. मग हसलास. "आन् मला वाटलं, लई दडवलंय." मी म्हटलं, "तशी चांगली आहे," आणि ते 'तशी' ऐकून तू मान हलवलीस. इस्त्री उचललीस, खालचं पाकीट काढलंस, फळीवर टाकलंस. चहा त्या दिवशी तूच आणलास.

पुढं त्या पाकिटात तू बटणं ठेवायला लागलास. मी दुकानात आलो की ते नजरेला पडायचं, संपादकाचा पत्ता वर करून. तू त्यातून बटणं ओतून घ्यायचास आणि पुन्हा भरायचास. मी कितीदा ठरवलं की आज सांगायचं. बोलायला तोंड उघडायचो आणि पावसापाण्याचं बोलायचो. तू पुन्हा काही लिहिलं नाहीस. मी विचारलंही नाही. मासिक येत राहिलं, मी आधी वाचत राहिलो, तू "आयला" म्हणत राहिलास. पहिल्यासारखं नव्हे. मला वाटायचं, दुष्काळानं तू थकलायस.

नगरच्या दवाखान्यात मी तुला भेटायला आलो ती आपली शेवटची दुपार. पिशवीत त्या महिन्याचं मासिक होतं. तेवढं एक मी उघडलं नव्हतं. तू म्हणालास, "वाच, सदा. आज तू वाच." मी अर्धी गोष्ट वाचली. तुझ्या अंगात दवाखान्याचा सदरा होता, त्याला टाचणी कुठली? मी पान दुमडलं. तेव्हा म्हणालो, "रंगनाथा, तुझ्या त्या गोष्टीचं मला—"

"जाऊ दे ती. ह्याचं सांग. पुढं काय?"

"नाही माहीत," मी म्हटलं. मासिक आधी वाचायला लागल्यापासून पहिल्यांदा मी खरं बोललो होतो. तू डोळे मिटून हसलास. "मला बी न्हाई. उद्या बघू."

ते पान अजून दुमडलेलंच आहे. पुढं काय झालं ते मी वाचलेलं नाही, वाचणारही नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनींनी दुकान झाडायला काढलं. मी मदतीला गेलो. खिळ्याला तारेत ओवलेले तुझे मापाचे कागद होते, कॉलरचे, मनगटपट्टीचे, खिशाचे. वहिनी ते चुलीत घालायला निघाल्या होत्या. मी हातात घेतले तर एका कॉलरवर गणिताच्या वहीच्या रेघा दिसल्या आणि तुझं अक्षर, 'त्यांना सवड नाही म्हणाली'.

अकराच्या अकरा कागदांचे तू माप-नमुने कापले होतेस. मधले तुकडे आहेत, कडेचं कातरण केव्हाच केरात गेलं. घरी नेऊन जुळवायला बसलो. कुठं निम्मी ओळ, कुठं दोन शब्द. गोष्ट मला सगळी आठवते, पण तुझे शब्द आठवत नाहीत, रंगनाथा. शेवटची ओळ तेवढी आठवते.

काल ते तुकडे घेऊन मी पुन्हा वहिनींकडं गेलो. सगळं सांगितलं. पट्टीतून मासिक काढायचो तेही, आणि पुसलेलं तेही. त्या गव्हात हात घालून बसल्या होत्या, निवडायचं थांबल्या नाहीत.

"ते आधी वाचायचं आमाला ठावं हुतं, भावजी," त्या म्हणाल्या.

"आम्हाला म्हणजे?"

"त्यास्नी. तुमी तंबाखू खाता न्हवं? गोष्टीच्या शेवटल्या पानाच्या घडीत तंबाखूचा भुगा असायचा, दर म्हयन्याला. ते झाडून काढायचे आन् मग तुमाला हाक मारायचे. मी म्हनायची, इचारा की त्यास्नी तोंडावर. तर म्हनायचे, गप बस. हारला की चार दिस फिरकत न्हाई गडी. आन् डोकं काय खाजवतो, बघायसारखं असतंय."

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. "वहिनी, माहीत होतं तर माझ्या बोलण्यावर विश्वास कसा ठेवला? दुसऱ्या पानावर कळलं, हे खरं कसं मानलं?"

तेव्हा त्यांचा हात थांबला.

"त्याच सांच्याला इचारलं मी. गोष्ट का धाडली न्हाई म्हनून. तर म्हनले, सदाला वाचल्याबिगर आजवर एक गोष्ट वळखता आली न्हाई. त्याला सुदिक माझी दुसऱ्या पानावर कळली. मग त्या छापनाऱ्या मोठ्या मानसांची काय कथा! म्हनले, आपलं आपलं शिवनंच बरं."

हे मी तुला आत्ता, या कागदावर, पुन्हा एकदा वाचून दाखवल्यासारखं लिहितोय, कारण मला ते अजून नीट झेपत नाही. माझं खोटं तुला माहीत होतं. दोन वर्षं तू ते माझ्यासाठी झाकून ठेवलंस, त्यावरची तंबाखू झाडलीस. आणि त्या एका दुपारी, हातानं लिहिलेली गोष्ट आधी वाचायला मिळणारच नव्हती म्हणून, तू माझं बोलणं खरं मानलंस. सगळ्यात मोठं खोटं तेच होतं.

मी वहिनींना हात जोडले. "माफ करा," म्हटलं.

"मला कशाला?" त्या उठल्या. सूप भिंतीला लावलं, आणि दुकानाचं दार उघडून दिलं. "हारल्यालानं काय करायचं ठरलं हुतं तुमचं? ते करा."

टेबल पुसून घेतलेलं होतं. खडू ड्रॉवरमध्येच सापडला, अर्ध्या बोटाएवढा राहिलेला. बटणांचं पाकीटही तिथंच होतं. मी माझ्या टोकाला उभा राहिलो. आधी तेच लिहिलं जे त्या दिवशी पुसलं होतं, 'नवरा मेलेला निघणार. बाईच्या डोक्यावर परिणाम.' वर चिंधी टाकली नाही.

मग स्टँडवर गेलो आणि दोन चहा आणले. एक तुझ्या टोकाला ठेवला. वहिनी दारात उभ्या होत्या. रस्त्यानं जाणारे दोघं-तिघं थांबून आत बघत होते. त्यांना दिसेल असं, मोठ्या अक्षरात, मी खाली लिहिलं:

हुकलो.
सदा.